परदेशातून नागपूरला स्वस्तात यायचं तर हिशोब मुंबईपर्यंतचा नको, घरापर्यंतचा धरा

प्रश्न असा आहे: युरोपात राहणारं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. डिसेंबरच्या मध्यावर नागपूरला यायचं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जायचं. मुंबईचं तिकीट परवडतं, पण शोधताना नागपूर टाकलं की भाव चढतो. मग मुंबईपर्यंत स्वस्तातलं घेऊन पुढे नागपूरचं वेगळं तिकीट काढावं का? आणि तिकीट नेमकं कधी घ्यावं?

आधी सरळ उत्तर. चौघं जण, मोठ्या बॅगा आणि डिसेंबर, हे तिन्ही जमून आले असतील तर वेगळं तिकीट काढू नका. एकटा माणूस, एक बॅग आणि फेब्रुवारी असेल तर खुशाल काढा. मधल्या सगळ्या प्रकरणांत कागद-पेन घेऊन हिशोब करावा लागतो, आणि तो बहुतेक लोक अर्धाच करतात.

उदाहरणादाखल धरा की नागपूरपर्यंतचं एकत्र तिकीट मुंबईपेक्षा माणशी १६,००० रुपयांनी महाग दिसतंय. चौघांचे ६४,००० झाले. मुंबई-नागपूर जाऊन-येऊन वेगळं काढलं तर डिसेंबरात माणशी ११,००० धरू, म्हणजे ४४,०००. वीस हजार वाचले असं वाटतं. आता वजन बघा. परदेशी तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग, म्हणजे चौघांचे ९२ किलो. देशांतर्गत साध्या तिकिटावर माणशी १५ किलो, म्हणजे एकाच पीएनआरवर सगळ्यांचं वजन एकत्र धरलं तरी ६०. उरले ३२ किलो. जादा वजनाला किलोमागे साडेसहाशे धरले तर २०,८०० रुपये, तेही फक्त येतानाचे. जाताना पापड-कुरड्या, सावजी मसाला आणि संत्रा बर्फी भरून बॅगा हलक्या तर होत नाहीत. म्हणजे वाचलेले वीस हजार काउंटरवरच गेले, वर परतीचे खिशातून. एकत्र तिकिटावर मात्र परदेशी प्रवासाचीच वजनमर्यादा सहसा नागपूरपर्यंत लागू राहते.

वजनापेक्षा मोठी भानगड जोडणीची आहे. सगळा प्रवास एका पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही तिकीट देणाऱ्या कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे बुडाले, आणि डिसेंबरात त्याच दिवशीचं नवं तिकीट काढायचं म्हणजे त्या दिवशी जो भाव असेल तो. युरोपातून निघणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तिथला भरपाईचा नियम लागतो: ३,५०० किलोमीटरच्या वरचा प्रवास असेल आणि शेवटच्या मुक्कामी चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलात, तर माणशी ६०० युरो. हवामान किंवा तत्सम कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नाही. यातला ‘शेवटचा मुक्काम’ तिकिटावरचा असतो. एकत्र तिकीट असेल तर तो नागपूर. विमान मुंबईत दोन तासच उशिरा पोहोचलं, पण त्यामुळे नागपूरचं सुटून तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलात, तर उशीर नागपूरचा मोजतात. वेगळी तिकिटं असतील तर हिशोब मुंबईतच संपला.

तरीही वेगळं काढायचंच असेल तर मुंबईत दोन विमानांमध्ये किमान सहा तास ठेवा. सहा तास जास्त वाटतात, पण ते असे जातात: इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा, कस्टम्स, मग टर्मिनल बदलणं. परदेशी विमानं सहारच्या टर्मिनल २ वर उतरतात. नागपूरचं विमान टर्मिनल २, टर्मिनल १ किंवा आता नवी मुंबई, कुठूनही सुटू शकतं. शोधयादीत तिन्हींच्या पुढे अनेकदा ‘मुंबई’ असंच लिहून येतं. पहाटे दोनला सहारला उतरून सहाला नवी मुंबईहून सुटणारं विमान धरायचं म्हणजे बॅगा आणि झोपलेली मुलं घेऊन खाडीपलीकडे जायचं. तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा: सहार-सांताक्रूझ म्हणजे बीओएम, नवी मुंबई म्हणजे एनएमआय. देशांतर्गत काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, हेही त्या सहा तासांत मोजा.

एकत्र तिकीट असलं तरी एक काम चुकत नाही. भारतात जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच बॅगा पट्ट्यावरून काढून, कस्टम्समधून नेऊन, पुन्हा ट्रान्सफर काउंटरवर द्याव्या लागतात. टॅगवर नागपूर लिहिलेलं बघून लोक बॅगा न घेताच पुढे जातात आणि मग नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रिकाम्या पट्ट्यासमोर उभे राहतात. उतरल्यावर विमान कंपनीच्या माणसाला एकदा विचारून घ्या, लाजू नका.

नागपूरची चार दारं

शोधताना फक्त मुंबई आणि नागपूर टाकणं ही पहिली चूक. गूगल फ्लाइट्समध्ये पोहोचण्याच्या जागी एकावेळी अनेक विमानतळ टाकता येतात. तिथे नागपूर, मुंबई, हैदराबाद आणि दिल्ली असे चारही टाका. निघण्याच्या जागीही जवळचे दोन-तीन विमानतळ टाका. ब्रुसेल्सला राहणाऱ्याने अॅमस्टरडॅम आणि पॅरिस बघितलंच पाहिजे, दोन्हीकडे रेल्वेने जाता येतं. मग तारखांचा तक्ता उघडा. एक-दोन दिवस पुढे-मागे सरकल्यावर किती फरक पडतो हे त्यात एका नजरेत दिसतं, आणि डिसेंबरात तो फरक बहुतेक वेळा कोणत्याही युक्तीपेक्षा मोठा असतो.

पहिलं दार थेट नागपूरचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर परदेशातून येणारे नेहमीचे दुवे दोन: दोह्याहून कतार एअरवेज आणि शारजाहून एअर अरेबिया. वार आणि वेळा हंगामागणिक बदलतात, म्हणून एकाच दिवसाचा शोध घेऊन ‘नागपूरला काही नाही’ असा निष्कर्ष काढू नका, आठवडाभर तपासा. दोह्यामार्गे यायचा मोठा फायदा असा की इमिग्रेशन आणि कस्टम्स नागपुरातच होतं. रांग मुंबईच्या मानाने लहान, बॅगा मध्येच उचलायच्या नाहीत, टर्मिनल बदलायचं नाही. लहान मुलं किंवा म्हातारे आई-वडील सोबत असतील तर या मार्गाला माणशी आठ-दहा हजार जास्त द्यायला हरकत नाही. मुंबईतली रात्र, टॅक्सी, जादा वजन हे सगळं त्यातून वजा होतं. एअर अरेबियाचं गणित वेगळं आहे: दिसणारा भाव अनेकदा चेक-इन बॅगेशिवायचा असतो. आखातातल्या नोकरदाराला ती परवडते, पण बॅग, जागा आणि जेवण जोडून मगच तुलना करा. आणि युरोपातून शारजापर्यंत वेगळं तिकीट काढून पुढे एअर अरेबिया धरायचा बेत असेल, तर वर सांगितलेली वेगळ्या तिकिटांची सगळी जोखीम त्यालाही लागू आहे.

दुसरं दार मुंबई, त्याबद्दल बरंच बोलून झालं. एवढंच लक्षात ठेवा की युरोप आणि आखातातली कितीतरी विमानं मुंबईत रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान उतरतात, तेव्हा नागपूरचं शेवटचं विमान गेलेलं असतं. सकाळचं पहिलं विमान धरायचं, किंवा दिवसा उतरणारं विमान निवडून रात्रीची रेल्वे. मुंबई-नागपूर दुरांतो सीएसएमटीहून रात्री सव्वाआठला सुटते आणि सकाळी सातच्या सुमारास नागपूर. भुयारी मेट्रो ३ सहारच्या टर्मिनल २ पासून थेट सीएसएमटीपर्यंत जाते, त्यामुळे दुपारी उतरणाऱ्याला संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीत अडकायचं कारण उरलेलं नाही. बॅगा दोनच्या वर असतील तर मात्र टॅक्सी बरी.

तिसरं दार हैदराबाद, आणि हे नागपूरकर सगळ्यात कमी वापरतात. शमशाबादला लंडनहून ब्रिटिश एअरवेज, फ्रँकफर्टहून लुफ्थान्सा आणि आखातातल्या जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या येतात. परदेशी आणि देशांतर्गत दोन्ही विमानं एकाच इमारतीतून, म्हणजे टर्मिनल बदलण्याची कटकट नाही. नागपूर तिथून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली आहे. परतीची गाडी सिकंदराबादहून दुपारी एकच्या सुमारास सुटून रात्री आठनंतर नागपूरला पोहोचते. पहाटे शमशाबादला उतरलात तर आरामात आंघोळ-नाश्ता करून ती गाडी मिळते. विमानतळ ते सिकंदराबाद स्टेशनला दीड तास धरा. आठवड्यातून एक दिवस गाडीला सुटी असते, तो वार तुमच्याच दिवशी पडतोय का ते आधी बघा. बल्लारशा, चंद्रपूर, वणीकडचे असाल तर हैदराबाद हे पर्यायी नाही, पहिलं दार समजा.

चौथं दिल्ली. अमेरिका-कॅनडातून येणाऱ्यांना दिल्लीचे पर्याय सगळ्यात जास्त दिसतात आणि एअर इंडियाचं नागपूरपर्यंतचं एकत्र तिकीट मिळतं. पण प्रश्न डिसेंबरचा आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीत पहाटेचं धुकं असतं. एकदा सकाळची विमानं रेंगाळली की तेच विमान दिवसभर ज्या-ज्या गावी जाणार असतं तिथपर्यंत उशीर सरकत जातो, नागपूरपर्यंतही. त्या दिवसांत दिल्लीमार्गे यायचंच असेल तर एकत्र तिकीट आणि दुपारनंतरची जोडणी, यावर तडजोड नको. फेब्रुवारीनंतर हाच मार्ग उत्तम.

कधी घ्यायचं

विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी विक्री उघडतात. अगदी पहिल्या दिवशी भाव सगळ्यात कमी असतो हा समज चुकीचा आहे; तेव्हा बहुधा मधलेच भाव लावलेले असतात. गर्दी नसलेल्या महिन्यांसाठी दोन ते चार महिने आधी घेतलं तरी चालतं, आखातातून येणाऱ्यांना दीड-दोन महिनेही पुरतात. डिसेंबर मात्र अपवाद. त्याचं तिकीट जुलै-ऑगस्टमध्ये संपवून टाका. सप्टेंबर उलटला की नाताळची शाळेची सुटी आणि लग्नसराई दोन्हींचे गिऱ्हाईक एकाच जागांवर येतात.

किंमत का चढते हे एकदा समजलं की निम्मी धावपळ वाचते. इकॉनॉमीतल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे दहा-बारा भावगट करते, प्रत्येकाला एक अक्षर. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा गट. आता चौघांसाठी एकदम शोध घेतलात आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावते. म्हणून नेहमी आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. दोघांचा माणशी भाव कमी आणि चौघांचा जास्त आला, तर दोन-दोनची दोन तिकिटं काढा. प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवा, आणि लगेच कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर विमान रद्द झालं की अर्धं घर एका विमानात आणि अर्धं दुसऱ्यात.

ब्राउझरच्या गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत शोधलं, कुकीज पुसल्या, मंगळवारी रात्री घेतलं, की स्वस्त मिळतं, असं अजूनही सांगतात. यावर वेळ घालवू नका. दुसऱ्यांदा बघितल्यावर भाव वाढलेला दिसतो तो बहुधा स्वस्त गटातली जागा संपल्यामुळे, किंवा पहिला आकडा जुना साठवलेला असल्यामुळे. त्यापेक्षा भाव हलला की कळवणारी भावसूचना लावा. चारही दारांसाठी वेगवेगळी सूचना लावली की दोन-तीन आठवड्यांत तुमच्या मार्गाचा भाव कुठून कुठे हलतो ते कळतं. त्या पट्ट्याच्या खालच्या चौथाईत आकडा आला की घ्या. ‘अजून उतरेल’ म्हणत थांबणारे डिसेंबरात बहुतेक हरतात.

अमेरिकेतून येणाऱ्यांना एक हक्काची सवलत आहे: विमान सुटायला सात दिवस किंवा अधिक असताना थेट कंपनीकडून घेतलेलं तिकीट २४ तासांत काहीही न कापता रद्द करता येतं. भाव बरा दिसला की आधी घ्या, घरच्यांशी सुट्ट्यांची बोलणी नंतर.

नागपूरचे स्वतःचे काही महाग दिवस आहेत, ते परदेशातल्या कोणत्याही सल्ल्यात सापडणार नाहीत. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपुरात भरतं, आणि तेवढे दिवस मुंबई-नागपूर विमानं मंत्री, आमदार, अधिकारी आणि पत्रकारांनी भरलेली असतात. रविवार-सोमवारी मुंबईहून येणारं आणि शुक्रवारी संध्याकाळी परतणारं विमान टाळा, मंगळवार-बुधवार बघा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, तेव्हा रेल्वेच्या भरवशावर राहू नका. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल तर तेच.

रेल्वेचं आरक्षण आता फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे विमानाचं तिकीट जुलैत आणि रेल्वेचं ऑक्टोबरात, दोन वेगळ्या तारखा कॅलेंडरवर लावून ठेवा. परदेशी फोन आणि परदेशी कार्डावरून रेल्वेचं खातं चालवणं किचकट आहे. नागपुरातल्या भावाला किंवा भाच्याला सांगा, त्याच्या खात्यावरून निघू दे.

परतीचं तिकीट आणि न वापरलेला तुकडा

परदेशी तिकिटाचे तुकडे ज्या क्रमाने छापलेत त्याच क्रमाने वापरावे लागतात. एक गाळला की पुढचे सगळे आपोआप रद्द. नागपूरकरांचं नुकसान इथे दोन प्रकारे होतं. एक, तिकीट नागपूरपर्यंतचं असताना पुण्याला मावशीकडे जायचं म्हणून मुंबईतच उतरून मुंबई-नागपूर तुकडा सोडून दिला. परतीचं सगळं तिकीट मेलं. दोन, परतताना रेल्वेने मुंबईला जाऊन थेट सहारहून बसू म्हटलं. नागपूर-मुंबई तुकडा न वापरल्यामुळे पुढचं विमान नाकारलं. असं काही करायचं असेल तर निघण्याआधी कंपनीला सांगून तिकीट बदलून घ्या, किंवा सुरुवातीलाच ‘अनेक शहरं’ या पर्यायात येणं नागपूरला आणि जाणं मुंबईहून असं तिकीट काढा. असं तिकीट सहसा साध्या जाऊन-येऊनपेक्षा फार महाग नसतं, आणि शेवटचे दोन दिवस मुंबईत काढायचे असतील तर स्वस्तच पडतं.

कधीकधी पुढचं शहर स्वस्त आणि त्याआधीचं मधलं शहर महाग असतं म्हणून पुढच्या शहराचं तिकीट काढून मध्येच उतरण्याची युक्ती काही जण सांगतात. चेक-इन बॅग असलेल्या कुटुंबासाठी ती निरुपयोगी आहे, आणि वरच्याच नियमाने परतीचं तिकीटही घालवते.

वर्षातून दोनदा येणाऱ्यांसाठी मात्र एक वैध आणि कामाची रीत आहे. परदेशातून निघणाऱ्या तिकिटांचे महाग महिने आणि भारतातून निघणाऱ्या तिकिटांचे महाग महिने एकच नसतात. एकदा एकेरी येऊन, इथून सुरू होणारं ‘नागपूर ते तिकडे आणि परत नागपूर’ असं जाऊन-येऊन तिकीट काढलं, तर परतीचा तुकडा पुढच्या भेटीसाठी वापरता येतो. असं तिकीट साधारण वर्षभर चालतं. दोन्ही बाजूंचे भाव मांडून बघा. कधीकधी पहिल्या एकेरीचा जादा खर्च भरून निघतो, कधी नाही.

जे अमेरिकेत नोकरी करतात आणि ज्यांना या भेटीत व्हिसाचा शिक्का घ्यायचा आहे, त्यांनी परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्यावं. पासपोर्ट हातात येण्याची तारीख तुमच्या हातात नसते, आणि सगळ्यात स्वस्त भावगटात बदलाचा दंड आणि भावातला फरक मिळून नव्या तिकिटाएवढा होतो.

पैसे भरताना

तुलना करणाऱ्या साइटवर कधीही न ऐकलेल्या एजंटचा भाव सगळ्यात वर झळकतो. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर थेट कंपनीकडून घ्या. कंपनीने वेळ बदलली, विमान रद्द केलं, तर एजंटचं तिकीट असलेल्याला कंपनी म्हणते ‘एजंटकडे जा’ आणि एजंट फोन उचलत नाही. परताव्यालाही तोच फेरा. इंडिगोचं शेपूट जोडलेलं एकत्र तिकीट कतार एअरवेज, केएलएम-एअर फ्रान्स, व्हर्जिन अटलांटिक यांच्याच साइटवर शोधता येतं. इंडिगोची त्यांच्याशी भागीदारी आहे.

नाव पासपोर्टमध्ये जसं आहे तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिकिटावरही पहिल्या रकान्यात ती दोन्ही नावं टाका. लग्नानंतर तिकडच्या बँकेत नवं आडनाव आणि पासपोर्टवर जुनं, अशी स्थिती असेल तर तिकीट पासपोर्टच्या नावानेच. तिकीट निघाल्यावर एखादं अक्षर दुरुस्त होतं, आडनाव बदलत नाही.

पैसे भरताना ‘तुमच्या चलनात भरा’ असा पर्याय आला तर नाकारा. त्यातला विनिमय दर बहुतेक वेळा तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो. भारतीय कार्डाने परदेशी चलनात भरलं तर बँक वर साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लावते. विद्यार्थ्यांनी साधा भाव घेण्याआधी विद्यार्थी सवलत बघावी. तिथे सूट थोडी असते, खरा फायदा जादा बॅगेचा.

आणि भारतीय पासपोर्ट असेल तर मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पैसे भरण्याआधी तपासा. ब्रिटन आणि काही युरोपीय देशांत नुसतं विमान बदलायलाही तो लागू शकतो. अमेरिका-कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर अनेकदा सूट मिळते. मध्ये वेगळं तिकीट असून बॅग काढून पुन्हा द्यायची असेल तर तुम्ही त्या देशात प्रवेश करताय, मग विमानतळापुरत्या ट्रान्झिट व्हिसावर भागत नाही, प्रवेशाचा व्हिसा लागू शकतो.

अचानक निघावं लागलं तर

घरून वाईट फोन आला तर वरची सगळी शिस्त बाजूला. अशा वेळी नागपूरचं तिकीट शोधत बसू नका. मुंबई, हैदराबाद, दिल्ली यांपैकी जिथे सगळ्यात आधी पोहोचता येईल तिथलं एकेरी तिकीट घ्या आणि पुढचं विमानात बसण्याआधी घरच्यांवर सोपवा. कार्डाचे किंवा कंपनीचे पॉइंट साठवले असतील तर ते वापरायची हीच वेळ. ऐनवेळी रोख भाव दुप्पट-तिप्पट झालेला असताना पॉइंटांचा भाव बऱ्याच कंपन्यांत तेवढा चढत नाही. हातबॅगच घ्या, म्हणजे पट्ट्यावर अर्धा-पाऊण तास जात नाही. रात्री मुंबईत उतरलात आणि सकाळच्या विमानात जागा नसेल तर समृद्धी महामार्ग आहे. जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला; ठाण्याच्या बाजूला आमणेला चढलात की साधारण आठ-नऊ तासांत नागपूर. पण लांबच्या विमानातून उतरलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही. सरळ, सपाट रस्त्यावर रात्री डोळा लागतो. चालक असलेली गाडी घ्या, आणि चालक दिवसभर चालवून आलेला नाही ना हे विचारा.

परतीच्या तिकिटावरची तारीख नीट वाचा. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानासाठी आदल्या रात्रीच सोनेगावला पोहोचायचं असतं: पाच तारखेच्या पहाटे चारचं विमान म्हणजे चार तारखेला जेवण करून निघायचं. त्या वेळी मेट्रो बंद असते. ऑटो किंवा टॅक्सी संध्याकाळीच ठरवून ठेवा.